पहिलं गनप्ला किट: रनरपासून मॅट कोटपर्यंत, खान्देशच्या हवेत

प्लॅस्टिकच्या रोबोंची किटं जोडायला शिकायचं असेल तर आधी एकच गोष्ट हातात बसवा: किटचे तुकडे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून तुकडा स्वच्छ कापणं. रंग, स्प्रे, डिकल म्हणजे चिकटवायच्या बारीक खुणा, हे सगळं त्यानंतरचं. ज्याला कापता येतं त्याचं साधं बिनरंगी किटही बघत राहावंसं वाटतं. ज्याला येत नाही त्याचं महागडं किट जवळून पाहिलं की पांढऱ्या डागांनी आणि कापल्यावर उरलेल्या खुंटांनी भरलेलं दिसतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा कापण्याला दिली आहे.

आधी थोडी ओळख. १९७९ साली जपानी टीव्हीवर गंडम ही महाकाय यंत्रमानवांची मालिका आली. पुढच्याच वर्षी, जुलै १९८० मध्ये, बंदाई कंपनीने तिच्यातल्या मुख्य रोबोचं १/१४४ मापाचं किट ३०० येनला बाजारात आणलं. त्या किटला गोंद लागायचा आणि रंगही हातानेच द्यावा लागायचा. आता तुकडे रंगीत प्लॅस्टिकचेच येतात, आणि खुंटी भोकात दाबली की घट्ट बसते. गंडमच्या या प्लॅस्टिक किटांना गनप्ला म्हणतात. बंदाईचा मुख्य कारखाना जपानमधल्या शिझुओका शहरात आहे.

जळगाव एमआयडीसीतल्या वाचकांना यातलं तंत्र फार समजावून सांगायला नको. ठिबकची फिटिंग बनवणाऱ्या मोल्डिंग मशीनवर ज्याने एक शिफ्ट जरी काढली असेल त्याला रनर आणि गेट हे शब्द माहीत आहेत. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ज्या वाटेने पळतं ती वाट म्हणजे रनर, आणि रनरमधून तुकड्यात शिरायचं अरुंद तोंड म्हणजे गेट. कारखान्यात हे रनर काढून पुन्हा दळायला टाकतात. किटच्या डब्यात मात्र ते चौकटीसारखे तसेच येतात आणि तुकडा सोडवण्याचं काम आपल्यावर असतं. हा छंद समजायचा तर या एका कामापासून समजतो.

कोणतं किट घ्यायचं

डब्यावरच्या चित्राला भुलू नका, ग्रेड म्हणजे किटचा प्रकार बघा. एंट्री ग्रेड आणि हाय ग्रेड सहसा १/१४४ मापात येतात. मूळ गंडमची उंची १८ मीटर मानली आहे, म्हणजे या मापात तो १२.५ सेंटिमीटर भरतो. मास्टर ग्रेड १/१०० ची, म्हणजे १८ सेंटिमीटर, आणि तिच्यात बहुतेक वेळा आतला सांगाडा वेगळा जोडावा लागतो. परफेक्ट ग्रेड १/६०, उंची ३० सेंटिमीटर. तिच्या वाटेला इतक्यात जाऊच नका.

नवशिक्याची फसगत होते ती रिअल ग्रेडमध्ये. २०१० मध्ये आलेली ही ग्रेड मापाने हाय ग्रेडएवढीच, किंमतही फार लांब नाही, आणि फोटोत ती सगळ्यांत देखणी दिसते. पण तिचे तुकडे नखाएवढे आणि संख्येने बरेच जास्त असतात, सांधे नाजूक असतात, आणि स्टिकर लावता लावता डोळ्यांत पाणी येतं. दोन-तीन हाय ग्रेड झाल्याशिवाय रिअल ग्रेड घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर २०२० मध्ये आलेलं एंट्री ग्रेडचं आरएक्स-७८-२, म्हणजे मूळ गंडमचं किट, उत्तम. त्याचे गेट इतके बारीक असतात की तुकडा बोटांनी पिरगाळून निघतो, कटर लागतच नाही. गेल्या आखाजीला बहीण माहेरी आली तेव्हा भाच्याच्या हातात मी हेच किट दिलं. सगळा डबा सतरंजीवर उपसून झाल्यावर तो म्हणाला, ‘मामा, याच्यात गोंद तर टाकेलच नाही!’ गोंद लागत नाही हे त्याला पटलं ते पहिला हात जोडून कोपरात वाकवून बघितल्यावर. मोठ्या माणसाने मात्र थेट हाय ग्रेडच घ्यावी, कारण कापायला शिकायचं तर कापावं लागणारं किट हवं. २०२२ मध्ये आलेलं एरियल नावाच्या गंडमचं हाय ग्रेड किट माझ्या आवडीचं: रंग बहुतेक प्लॅस्टिकमध्येच आलेले, स्टिकर मोजके, जोडणी सरळ.

खान्देशात ही किटं बहुतेकांना ऑनलाइनच मागवावी लागतात. आयात आणि वाहतूक धरून हाय ग्रेड किट साधारण दीड ते तीन हजार रुपयांच्या आसपास पडतं. याच्या निम्म्याहून कमी किमतीत तेच चित्र असलेला डबा दिसला तर ती नक्कल समजा. डब्यावर बंदाईचं नाव आणि छाप नीट तपासा. २०१८ नंतरच्या डब्यांवर बंदाई स्पिरिट्स असं असतं. नकलेत पैसे वाचतात, पण खुंट्या भोकात बसत नाहीत, सांधे लोंबतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. पहिल्या किटवर हा अन्याय नको.

हत्यारं

सुरुवातीला चार वस्तू पुरतात, आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच गावात मिळतात.

पहिली, पातळ पात्याचा साइड कटर. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो; जळगावात गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारली तरी दोन-चार प्रकार हातात घेऊन बघता येतात. बघायचं ते एवढंच: पात्यांची एक बाजू पूर्ण सपाट हवी आणि कटर मिटला की पात्यांतून उजेड दिसता कामा नये. हा कटर फक्त प्लॅस्टिकसाठी राखून ठेवा. घरातल्या कोणी त्याने एकदा जरी तार कापली तरी पात्याला दाता पडतो आणि तो प्रत्येक तुकड्यावर उमटतो.

दुसरी, पेनासारखा धरायचा बारीक कटर, जो स्टेशनरीत क्राफ्टच्या सामानात असतो. पाती जास्तीची घ्या. बोथट पातं जोर लावायला लावतं, आणि जोर लावला की घसरतं.

तिसरी, वॉटर पेपर. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांना लागणारा काळा कागद, ४००, ६०० आणि १००० नंबरचा. आइस्क्रीमच्या काडीवर त्याची पट्टी चिकटवली की सपाट कडा घासायला सोपं जातं.

चौथी, चिमटा. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्याकडे जो बारीक टोकाचा, दोन्ही टोकं अगदी बरोबर जुळणारा चिमटा मिळतो तो घ्या. सराफ्याच्या गावात राहून भुवया उपटायच्या चिमट्यावर भागवायचं कशाला?

रंगाचे डबे, एअरब्रश, कटिंग मॅटचे संच हे काहीही आत्ता घेऊ नका.

बसायची जागा

मांडीवर किंवा टेबलाखाली पांढरी चादर पसरा. नक्षीच्या सतरंजीवर पडलेला राखाडी तुकडा शोधायला अर्धा तास जातो. पंखा कमी ठेवा, आणि कूलर असेल तर त्याच्या झोतात बसू नका: स्टिकरचे कपटे आणि डोळ्यांचे हिरवे तुकडे थेट दिवाणाखाली जातात. सुटे केलेले तुकडे काठाच्या ताटलीत ठेवा. उजेड एका बाजूने येऊ द्या; उरलेला खुंट त्याच्या सावलीमुळे दिसतो, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तो लपतो.

मॅन्युअल

मॅन्युअल जपानीत असतं आणि त्याने काही अडत नाही. सगळं चित्रांत आहे. प्रत्येक रनरच्या कडेला इंग्रजी अक्षर असतं, ए, बी, सी असं, आणि प्रत्येक तुकड्याजवळ आकडा. चित्रात ‘बी १२’ दिसलं की बी रनरवरचा बारावा तुकडा. आधी मॅन्युअलमधल्या रनरच्या यादीशी डब्यातले रनर ताडून बघा. काही कमी असेल तर ते कापायच्या आधी कळलेलं बरं, कारण एकदा कापाकापी सुरू झाली की विक्रेता किट परत घेत नाही.

शेजारी ‘×२’ असेल तर तो भाग दोनदा बनवायचा. डावा-उजवा वेगळा असेल तर दोन्ही चित्रं शेजारी दिलेली असतात. ती आरशातल्यासारखी उलट असतात, तिथे घाई करू नका. वर्तुळातला आकडा बहुतेक वेळा स्टिकरचा असतो. आणि एका पायरीपुरतेच तुकडे कापा. सगळे रनर एकदम मोकळे करून ढीग घालण्याचा मोह अनेकांना होतो, मग आकडे रनरवर राहतात आणि तुकडे बिनआकड्याचे.

कापणं

पोटरीचं पांढरं कवच घ्या. रनरला ते तीन-चार गेटांनी धरलेलं असतं. नवा माणूस कटर थेट कवचाला भिडवतो आणि दाबतो. पात्याची जाडी कुठेतरी मावायला हवी, ती प्लॅस्टिकला दोन्हीकडे ढकलते. पलीकडे जाड रनर आहे, तो हलत नाही, म्हणून ताण सगळा कवचावर येतो. गेट कापला जाण्याऐवजी ओढला जातो, आणि कवचाच्या पृष्ठभागातून कपटा निघून खड्डा पडतो. खड्डा भरणं हे खुंट घासण्यापेक्षा दहापट कटकटीचं आहे.

म्हणून दोनदा कापायचं. पहिला काप रनरच्या बाजूने, तुकड्यापासून दोन-तीन मिलिमीटर लांब. एकेक गेट असा सोडवत तुकडा मोकळा करा. आता तो हातात आहे, त्याला पलीकडून कुणी धरलेलं नाही. दुसरा काप घेताना कटरची सपाट बाजू तुकड्याकडे करा आणि तरीही अर्धा मिलिमीटर खुंट राहू द्या. हळू दाबा. प्लॅस्टिक ‘टक्’ असं तुटलं तर दाब जास्त झाला. पातं आवाज न करता शिरलं पाहिजे.

उरलेल्या खुंटासाठी पेन कटर. पातं पृष्ठभागाला जवळजवळ आडवं धरा आणि एका दमात न छाटता पातळ पातळ साली काढा. अंगठा पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. तुकडा टेबलावर टेकवा आणि पातं शरीरापासून दूर चालवा. शेवटची साल निघाली की बोट फिरवून बघा. डोळ्यापेक्षा बोटाला खुंट लवकर कळतो. मग ६०० नंबरचा कागद, पाण्यात बुडवून, दोन-चार वेळा, आणि शेवटी १०००. पाण्यामुळे भुकटी उडत नाही आणि नाकात जात नाही. जिथे तुकड्याला धारदार कडा आहे तिथे कागद काडीवर लावूनच घासा, नुसत्या बोटाने घासलं तर कडा गोल होते. ४०० नंबर फक्त मोठा खुंट राहिला असेल तेव्हाच.

गडद निळ्या आणि लाल तुकड्यांवर कापल्या जागी पांढरा डाग उठतो. तिथे प्लॅस्टिक ताणलं गेलेलं असतं आणि आतल्या सूक्ष्म भेगांमुळे उजेड विखुरतो. त्यावर आणखी पातं चालवू नका. अंगठ्याचं नख सपाट टेकवून जोरात चोळा. डाग पुष्कळ फिका होतो. जो उरतो तो मॅट कोटखाली, म्हणजे शेवटी मारायच्या चकाकी घालवणाऱ्या स्प्रेखाली, बहुतेक झाकला जातो. पारदर्शक तुकडे ठिसूळ असतात, त्यांचा गेट आणखी लांबून कापा आणि तीन-चार बारीक कापांत जवळ या.

जो सांधा आत लपणार आहे तिथला खुंट कटरने सपाट केला तरी चालतो, घासत बसू नका. पण दोन तुकडे जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेवर खुंट राहिला तर फट राहते. जोडताना फट दिसली तर जोर लावण्याआधी ती कड तपासा, दहापैकी नऊ वेळा कारण तिथेच सापडतं.

जोडणं

बहुतेक हाय ग्रेड किटांत राखाडी मऊ प्लॅस्टिकचे पॉलिकॅप असतात. सांध्याची पकड त्यांच्यावर असते. काही नव्या किटांत ते नसतातच. असतील तर भागाचे दोन अर्धे तुकडे मिटण्याआधी आत पॉलिकॅप बसलाय ना आणि त्याचं तोंड चित्राप्रमाणे आहे ना, हे बघा. तो विसरून छाती मिटली की हात बसायला जागाच उरत नाही आणि सगळं उघडावं लागतं.

उघडायचंच झालं तर स्क्रू ड्रायव्हर घालू नका. पार्ट सेपरेटर नावाचं चपटं प्लॅस्टिकचं हत्यार मिळतं. ते नसेल तर जोडाच्या खाचेत पेन कटरच्या पात्याची मागची बोथट बाजू हळूच घालून थोडी फट पाडा, आणि पुढचं काम बोटांनी, एकेका कोपऱ्यातून. घट्ट खुंटी सरळ ढकलण्यापेक्षा किंचित फिरवत बसवा. मान आणि मनगटाचे बारीक गोळे असेच मोडतात.

रेषा आणि स्टिकर

कवचावर कोरलेल्या बारीक खाचांत गडद रेष भरली की पांढरा रोबो एकदम भरीव दिसतो. पांढऱ्यावर राखाडी, लाल-पिवळ्यावर तपकिरी, निळ्यावर काळी. काळी रेष पांढऱ्यावर फार उठते, ती टाळाच. बारीक टोकाचा गंडम मार्कर खाचेतून ओढा आणि बाहेर सांडलेलं लगेच खोडरबराने पुसा. तो मिळाला नाही तर ०.५ ची टोकदार पेन्सिल पांढऱ्या तुकड्यांवर छान चालते. बाटलीतलं, इनॅमल थिनर असलेलं पॅनल लाइनर, म्हणजे खाचांत भरायचा पातळ रंग, मात्र नुसत्या प्लॅस्टिकवर सुरुवातीला वापरू नका. ते दाबाखाली असलेल्या खुंटीपर्यंत झिरपतं आणि सांधा तडकतो.

स्टिकर लावताना आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटांचा घाम आधी आठवा. तुकडा कोरड्या कपड्याने पुसा, स्टिकर चिमट्यानेच उचला, एक कडा टेकवून मग बाकीचा खाली आणा, आणि कापसाच्या काडीने दाबा. डोळ्यांचा स्टिकर डोकं मिटण्याआधी लावायचा असतो. मॅन्युअल तिथे सांगतं.

मॅट कोट आणि आपली हवा

मॅट टॉपकोटचा स्प्रे प्लॅस्टिकची खेळण्यासारखी चकाकी घालवतो, आणि रेषा व स्टिकर पक्के करतो. पहिल्या किटला तो दिलाच पाहिजे असं नाही. पण द्यायचा तर दिवस निवडून द्या, कारण खान्देशची हवा वर्षातले बरेच महिने स्प्रेला साथ देत नाही.

पावसाळ्यात मारला तर पांढुरकी साय धरते. स्प्रेतलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार करतं आणि हवेतली वाफ तिथे थिजते. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा उलटं होतं: थेंब हवेतच वाळतात आणि तुकड्यावर खरखरीत भुकटी बसते. त्यातून वाचायला कूलरच्या खोलीत मारावं तर तिथली हवा दमट, पुन्हा साय. माझा अनुभव असा की भरिताच्या दिवसांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव वाळल्यावर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान गच्चीवर आडोशाला जो कोट बसतो तसा एरवी बसत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात किटं जोडून ठेवावीत आणि कोटाचं काम हिवाळ्यावर टाकावं.

डबा मिनिटभर चांगला हलवा. तुकडे चिमटा लावलेल्या काड्यांवर अडकवा, पारदर्शक तुकडे काढून ठेवा, नाहीतर ते धुरकट होतात. वीस-तीस सेंटिमीटरवरून, झोत तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत, पातळ हात मारा. १०-१५ मिनिटं थांबून दुसरा. नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, साधा रुमाल पुरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला क्लिअर स्प्रे स्वस्त असतो, पण काहींमधलं द्रावण किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, विरघळवतं, म्हणून आधी रिकाम्या रनरवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. आणि स्प्रेचा डबा पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत कधीही ठेवू नका.

झाल्यावर

तयार किट पश्चिमेच्या खिडकीत मांडू नका. उन्हाने पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि स्टिकरच्या कडा उचलतात. काचेचं दार असलेलं कपाट सगळ्यात बरं, आपल्याकडची धूळ सांध्यांत बसते. साफ करायला मऊ ब्रश पुरतो. धुवायची वेळ आलीच तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके गडद तुकड्यांवर राहतात.

रिकामे रनर फेकू नका. प्रत्येक रंगाचे दोन-तीन तुकडे एका पिशवीत ठेवा, पुढच्या स्प्रेच्या आणि मार्करच्या चाचणीला तेच कामाला येतात. जपानमध्ये २०२१ पासून कंपनीच असे रनर गोळा करून त्यांचा पुन्हा वापर करते. आपल्याकडे ते भंगारवाल्याला द्या, पॉलिकॅपची मऊ चौकट वेगळी काढून, कारण ते प्लॅस्टिक वेगळं असतं. कचऱ्याबरोबर अंगणात पेटवू नका. पॉलिस्टायरिनचा काळा धूर घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो.